मोगऱ्याचा भाव आणि निफ्टीचा मूड

"काय गं, मार्केट वर जाणार की खाली?"

आमच्या होस्टेलमध्ये "जेवलीस का?" याच्या खालोखाल विचारला जाणारा प्रश्न सध्या हाच आहे. मेसच्या रांगेत, लॅबबाहेर, सबमिशनच्या आदल्या रात्री, सगळीकडे! ज्यांना थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम धड सांगता येत नाही, ते अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह पुढच्या महिन्यात काय करणार हे छातीठोकपणे सांगतात. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो आणि पहिल्या लेक्चरला अर्ध्या वर्गाची मान खाली जाते. सरांना वाटतं, मुलं नोट्स घेताहेत.

या विषयावर लिहायचं म्हणून लिहितेय, पण आधी दोन गोष्टी कबूल करते. एक म्हणजे माझी शाळा कॉन्व्हेंटची आणि घरची बोली सामवेदी, त्यामुळे माझ्या लेखी मराठीत चुका निघतील. त्या पदरात घ्या. दुसरी गोष्ट जरा जड आहे. मी शेअरबाजारातली तज्ज्ञ वगैरे अजिबात नाही. उलट तिथे पैसे घालवून आलेली मुलगी आहे. आणि पैसे माझे नव्हते.

चार दिवसांची गोष्ट

मी नंदाखालची. विरारहून आगाशीच्या दिशेने निघालात की वाटेत आमचं गाव लागतं. चर्च, बावखलं, नारळ-केळीच्या वाड्या आणि आता त्यांच्या मधेमधे उगवलेल्या इमारती. आमची छोटीशी वाडी आहे. मोगरा आणि सोनचाफा. पहाटे अंधारात कळ्या खुडायच्या, टोपल्या भरायच्या आणि पप्पांनी त्या घेऊन लोकलने दादरचं फूल मार्केट गाठायचं. माझी फी, पुस्तकं, हा होस्टेलचा खाटेएवढा कोपरा, सगळं त्या टोपल्यांतून आलेलं आहे.

जून २०२४. मी पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन सुट्टीत घरी होते. पुढच्या वर्षाची होस्टेल आणि मेसची फी ऑनलाइन भरायची म्हणून पप्पांनी माझ्या खात्यात पैसे टाकले होते. शनिवारी, १ जूनला संध्याकाळी लोकसभेचे एक्झिट पोल आले. प्रचंड बहुमत! आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रॉकेटचा पाऊस सुरू झाला. सोमवारी, ३ जूनला सेन्सेक्स २,५०७ अंकांनी वर जाऊन ७६,४६८ वर बंद झाला. निफ्टी २३,२६३. ग्रुपवर एकेकाच्या नफ्याचे स्क्रीनशॉट येत होते. कुणाचे बारा हजार, कुणाचे वीस. मला वाटलं, सगळी जत्रेला निघालीत आणि मीच घरी बसलेय.

त्याच दुपारी मी निफ्टीचे २३,४०० चे कॉल ऑप्शन घेतले. तीन लॉट. साधारण चौदा हजार रुपये. एक्सपायरी गुरुवार, ६ जून. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी (आमच्या मेसच्या मावशींसाठीही) सोप्या भाषेत सांगते. मी अशी पैज लावली, की गुरुवारी बाजार बंद होताना निफ्टी २३,४०० च्या पुष्कळ वर असेल. असेल तर नफा, नसेल तर भरलेले सगळे पैसे गेले.

मंगळवारी, ४ जूनला मतमोजणी. एक्झिट पोलएवढ्या जागा काही आल्या नाहीत. सेन्सेक्स त्या एका दिवसात ४,३८९ अंकांनी पडला. माझ्या चौदा हजारांचे दुपारपर्यंत शेकडे उरले. "येईल परत वर," असं मी स्वतःलाच सांगत राहिले. बुधवारी वर आला. गुरुवारी अजून थोडा आला, निफ्टी २२,८२१ वर बंद झाला आणि माझे ऑप्शन शून्य झाले.

आता गंमत बघा. शुक्रवारी, ७ जूनला सेन्सेक्स ७६,६९३ वर बंद झाला. म्हणजे सोमवारच्याही वर! ज्याने सोमवारी निफ्टीचा साधा इंडेक्स फंड घेतला होता, त्याचे पैसे शुक्रवारी जवळपास जसेच्या तसे होते. सरकारही तेच आलं होतं. बाजार वर जाईल हा माझा अंदाज बरोबरच ठरला होता! फक्त एक दिवस उशिरा. आणि त्या एका दिवसात मी पप्पांचे चौदा हजार घालवले होते.

दादरचा धडा

त्या रात्री मी पप्पांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "किती?" एवढंच विचारलं. मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "म्हणजे आपला शेवटचा सगळा तोडा." मोगऱ्याचा हंगाम तेव्हा संपतच आला होता. शेवटच्या दोन-अडीच आठवड्यांची फुलं त्यांनी मनातल्या मनात मोजली होती. फीची तारीख जवळ होती, म्हणून त्यांनी दादरच्या व्यापाऱ्याकडून चाफ्यावर उचल घेतली. उचल घेतली की भाव व्यापारी ठरवतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं.

आजीला मी ऑप्शन म्हणजे काय ते समजावायचा प्रयत्न केला. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे मोगऱ्याची कळीच की! पहाटे दाम, संध्याकाळी केर."

इंजिनिअरिंगची पोर मी. थीटा डिके, टाइम व्हॅल्यू असले शब्द यूट्यूबवर पाठ केले होते. आजीने ते चार शब्दांत सांगितलं. ऑप्शन कळीसारखा आहे, त्याला वेळेचं मरण आहे. चांगल्या कंपनीचा शेअर नारळाच्या झाडासारखा. वारा येतो, झावळ्या पडतात, एखाद्या वर्षी फळ कमी धरतं. पण "गुरुवारी साडेतीनला तुझी मुदत संपली" असं त्याला कुणी सांगत नाही. (झाडालाही कीड लागते, त्याबद्दल पुढे लिहितेच.)

मग मला जाणवलं, की बाजाराचा मूड म्हणजे काय हे आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. आम्ही ख्रिस्ती, पण आमच्या घरचं वर्ष गणपती, दसरा आणि लग्नाच्या तिथींवर चालतं. गणपतीच्या आदल्या दिवशी ज्या भावाने फूल जातं, त्याच्या पाव भावालाही ते पितृपक्षात कुणी विचारत नाही. फूल तेच, वास तोच, खुडणारे हातही तेच. बदललेलं असतं ते फक्त गिऱ्हाइकाचं मन. कधी नुसती "आज नाशिकहून माल जास्त आलाय" अशी आवई उठली तरी भाव पडतो. गाडी प्रत्यक्षात आली की नाही, हे नंतर कळतं.

दलाल स्ट्रीटवर तरी वेगळं काय होतं?

मूड कशाने फिरतो?

पहिलं कारण म्हणजे दूरची बातमी. आमच्या टोपल्या ज्या रेल्वेने जातात ती जुनी बी.बी.सी.आय. रेल्वे १८६४ साली मुंबईत पोचली. त्या वेळी मुंबईला शेअर्सचं वेड लागलं होतं. अमेरिकेत यादवी युद्ध चालू, तिकडचा कापूस बंद, म्हणून इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस हवा. मुंबईत पैसा नुसता वाहत होता. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. ज्यांनी आईच्या नावाने राजाबाई टॉवरला देणगी दिली, ते त्या काळचे बाजाराचे राजे प्रेमचंद रायचंदसुद्धा त्यात बुडाले. शांतता झाली म्हणून मुंबई दिवाळखोर! दीडशेहून जास्त वर्षं झाली, पण फरक एवढाच पडलाय की तेव्हा बातमी बोटीने यायची आणि आता फोनवर येते. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांनी आयात शुल्क वाढवलं, तेव्हा ७ एप्रिलला आपला सेन्सेक्स एका दिवसात २,२२६ अंकांनी पडला.

दुसरं कारण म्हणजे परदेशी पैसा आणि व्याजदर. ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी आपल्या बाजारातून नव्वद हजार कोटींहून जास्त रुपये काढून घेतले. चीनमधले शेअर स्वस्त वाटले, आपले महाग वाटले, निघाले! पण त्याच महिन्यात आपल्या सामान्य माणसांनी एसआयपीतून पंचवीस हजार कोटींच्या वर पैसे टाकले. एकाच बाजारात एकाच वेळी दोन मूड. व्याजदराचंही तसंच. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो दर साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला. कर्ज स्वस्त होतं, एफडीचं व्याज घटतं, मग लोकांचे डोळे आपोआप शेअरकडे वळतात. शिवाय खनिज तेलाचा भाव, मान्सूनचा अंदाज आणि कंपन्यांचे तिमाही निकाल आहेतच.

तिसरं कारण म्हणजे नुसती भीती. २३ मार्च २०२०. कोरोना, लॉकडाऊन. सेन्सेक्स एका दिवसात तेरा टक्के पडून २५,९८१ वर आला. त्या दिवशी "आता संपलं सगळं" असं म्हणणारे कमी नव्हते. वर्षभरात तोच सेन्सेक्स जवळपास दुप्पट झाला होता. जे भिऊन विकून मोकळे झाले, त्यांचा तोटा पक्का झाला.

चौथं कारण हाव, म्हणजे भीतीची थोरली बहीण. जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवरच्या इश्यूवर लोक असे तुटून पडले की मागणी सत्तर पटींच्या वर गेली. शेअर ४५० रुपयांना दिला आणि फेब्रुवारीत बाजारात आल्या दिवशीच ३७२ वर बंद झाला. घरच्या मोठ्यांना विचारा, त्या महिन्यात डीमॅट खातं उघडलेला एखादा काका प्रत्येक घरात सापडेल.

आणि पाचवं कारण, विश्वास. आमच्या वसई-विरारच्या माणसांना हे जास्त कळेल. एचडीआयएल ही बांधकाम कंपनी, वसई-विरार पट्ट्यात तिची मोठी कामं. २००७ मध्ये तिचा शेअर ५०० रुपयांना बाजारात आला आणि काही महिन्यांत हजारावर गेला. २००९ च्या सुरुवातीला तो शंभराखाली होता. २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली आणि तिला बेसुमार कर्ज देऊन बसलेली पीएमसी बँक सप्टेंबरमध्ये अडकली. खातेदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढायची परवानगी होती. शेअर विकत न घेतलेले, "आपण बरं की आपली बँक बरी" म्हणणारे लोक रांगेत उभे होते! झाडाला कीड लागते म्हटलं ती ही. म्हणून माझे ज्येष्ठ वाचक "सगळं एफडीत ठेवा, झंझट नको" म्हणतील, तर तेही पूर्ण उत्तर नाही. महागाई एफडीला आतून खाते. धोका नाही अशी जागाच नाही. कुठला धोका आपल्याला पेलेल, एवढंच आपण ठरवू शकतो.

समोर कोण बसलंय?

आता आपल्या होस्टेलकडे येते. "अगं, तू चुकलीस कारण तुला येत नव्हतं. स्किल लागतं," असं मला एका सीनियरने सांगितलं. बरं, मान्य. आकडे बघू.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या शंभरातल्या त्र्याण्णव सामान्य माणसांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. माणशी सरासरी सुमारे दोन लाख. तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ वर गेलं. म्हणजे आपणच! सेबीने नोव्हेंबर २०२४ पासून नियम कडक केले, लॉट मोठे केले, दर आठवड्याच्या एक्सपायऱ्या कमी केल्या. तरी पुढच्या वर्षी, २०२४-२५ मध्येही एक्क्याण्णव टक्के तोट्यातच.

मग हा पैसा गेला कुठे? त्याच अभ्यासात उत्तर आहे. नफा कमावला तो मोठ्या परदेशी संस्थांनी आणि स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या दलाल कंपन्यांनी, आणि त्यातला पंचाण्णव टक्क्यांहून जास्त नफा अल्गोरिदमने मिळवलेला. आपण इंजिनिअर आहोत ना? मग विचार करा. तिकडे एक्सचेंजच्या शेजारी ठेवलेला सर्व्हर, इकडे होस्टेलचं वायफाय. जे रात्री दहानंतर असाइनमेंटसुद्धा अपलोड करू देत नाही! ज्या शर्यतीत समोरचा गाडीतून पळतोय, तिथे "अजून थोडा सराव कर" हा सल्ला नाही, चेष्टा आहे.

"पण अमुक तमुकने कमावले की!" कमावले असतील. शंभरात सात असतातच. मला खुपतं ते वेगळंच. आपल्या ग्रुपवर नफ्याचे स्क्रीनशॉट येतात, तोट्याचे कधीच येत नाहीत. मीही माझा टाकला नाही. उलट कुणी विचारलं तेव्हा "थोडं प्रॉफिट झालं" असं धडधडीत खोटं बोलले. माझ्या त्या खोट्यावर विश्वास ठेवून आणखी कुणी त्यात उतरलं असेल का? हा प्रश्न मला चौदा हजारांपेक्षा जास्त छळतो. बाहेरून येणाऱ्या बातम्या काय, फेडरल रिझर्व्ह काय, ते आपल्या हातात नाही. पण आपल्या होस्टेलचा मूड आपणच तयार करतो, आणि तो अर्धवट सत्यावर तयार करतोय.

मग मार्केट वर जाणार की खाली?

मला माहीत नाही. आणि उद्याचं, पुढच्या गुरुवारचं कुणालाच माहीत नाही, हे मी आता ठामपणे सांगू शकते. १९७८-७९ साली १०० धरलेला सेन्सेक्स सप्टेंबर २०२४ मध्ये ८५ हजारांच्या पुढे गेला. मधे हर्षद मेहता झाला, केतन पारेख झाला, २००८ झालं, कोरोना झाला. देश कमावतो, कंपन्या कमावतात, लांबच्या पल्ल्यात बाजारही त्यांच्या मागून जातो, असं मला वाटतं. पण "लांबचा पल्ला" ज्याला परवडतो त्याच्यासाठीच तो लांब असतो. जून महिन्याच्या फीच्या पैशाला पल्ला नसतोच, तारीख असते.

म्हणून "वर की खाली" हा प्रश्नच मला आता चुकीचा वाटतो. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा. पैसे कुणाचे आहेत? आणि ते मला परत कधी लागणार आहेत? पहिल्याचं उत्तर "पप्पांचे" असेल किंवा दुसऱ्याचं "पुढच्या महिन्यात" असेल, तर विषय संपला. अॅप बंद करा. पैसे स्वतःचे असतील, शिकवणीचे, इंटर्नशिपचे, आणि पाच-सात वर्षं लागणार नसतील, तर पाचशे रुपयांची एसआयपी करा आणि अभ्यासाला लागा. मी तेच करतेय. फार मजा येत नाही. पण लेक्चरला मान वर असते.

सर-मॅडमना एक विनंती. फोनवर बंदी वगैरे घालू नका, आम्ही त्यातूनही वाट काढू. त्यापेक्षा वर्षातून एक तास द्या आणि त्यात तज्ज्ञाऐवजी आमच्यातल्याच ज्यांनी पैसे घालवले त्यांना बोलू द्या. आणि मित्र-मैत्रिणींना एक विनंती. ज्याने नफ्याचा स्क्रीनशॉट टाकला, त्याने वर्षाअखेरीचा पूर्ण हिशेबही टाकावा. सुरुवात मी करते. माझा हिशेब वर लिहिला आहेच.

त्या पावसाळ्यात सुट्टी संपेपर्यंत मी रोज पहाटे आईबरोबर चाफा खुडला. चाफा शेकड्यावर जातो. शंभर मोजायचे, बांधायचे, पुन्हा एकपासून. ओल्या अंधारात मोजताना मन आपोआप भागाकार करायचं. चौदा हजार म्हणजे किती शेकडे? उत्तर काढून झाल्यावर मी फोनमधलं ते अॅप उडवलं. व्यापाऱ्याची उचल फिटायला गणपती उजाडले.

परवा फोनवर आजीने विचारलं, "काय गं, तुझ्या त्या बाजाराचं काय चाललंय?"

"वर-खाली चाललंय, आजी."

"चालायचंच," ती म्हणाली. "तू जेवलीस का?"